टिपुडीचं डबकं आणि रिकामा तुंबा

आटपाट नव्हतं, नगरही नव्हतं. एक गाव होतं, एवढंस्सं. कुठं होतं? लांब. समुद्रापलीकडं. आफ्रिकेत. तिथली माती लाल लाल. मातीची घरं गोल गोल. घरांच्या डोक्यावर गवताच्या टोप्या.

गावात एक विहीर होती. सगळ्या गावानं मिळून खणली होती. कुणी माती खणली, कुणी टोपल्या वाहिल्या, कुणी नुसतंच गाणं म्हटलं. गाणं म्हणायलाही माणूस लागतोच की! विहिरीवर बसवलं घट्ट झाकण. घाण पडू नये म्हणून. झाकणावर बसवला हापसा. दांडा दाबला की खर्र खट्, खर्र खट्, आणि मग घळाघळा, घळाघळा! पाणी कसं? स्वच्छ. ओंजळीत घेतलं तर हातावरच्या रेषा दिसायच्या.

हापशाच्या पायाशी थोडं पाणी सांडायचं. तिथं झालं होतं एक डबकं. डबक्यात राहायची टिपुडी. टिपुडी म्हणजे बेडकी. केवढी? चिंचोक्याएवढी. संध्याकाळ झाली की टिपुडी म्हणायची, "डरांव!" की डबक्यातली सगळी बेडकं म्हणायची, "डरांव! डरांव! डरांव!" असं रोज. एक दिवस चुकायचा नाही.

आता हा हापसा होता मोठा लाडोबा. सकाळी सकाळी त्याच्या घशाला कोरड पडायची. वरून तुंबाभर पाणी ओतलं, तरच खालचं पाणी वर यायचं. तुंबा म्हणजे काय? भोपळा वाळवायचा, आतून कोरायचा, झाला तुंबा! म्हणून गावाची एक रीत होती. संध्याकाळी जो शेवटी पाणी भरेल, त्यानं तुंबा भरायचा आणि हापशाला टांगून ठेवायचा. उद्या सकाळच्यासाठी.

तर एका संध्याकाळी काय झालं? एकजण म्हणाला, "तो भरेल." तो म्हणाला, "ती भरेल." ती म्हणाली, "मागून कुणीतरी येईलच की!" मागून कोण आलं? कुणीच नाही. तुंबा राहिला रिकामा. बारभाईची शेती, काय लागेल हाती!

सकाळी दांडा दाबला. खर्र खट्. खर्र खट्. पाणी? नाही.

घराघरांत थोडं थोडं पाणी होतं. पण "मी कशाला ओतू? तो ओतेल." "मी कशाला ओतू? ती ओतेल." झालं! कुणी ओतलंच नाही. घरातलं पाणी पिऊन पिऊन संपलं. मग सगळं गाव निघालं नदीवर. नदी खूप खूप लांब. पाणी गढूळ. पण करणार काय? माणसं निघाली. मुलं निघाली. गाढवं निघाली, कुत्री निघाली. बायकांच्या डोक्यावर रिकामी मडकी होती ना, त्यांत बेडकं जाऊन बसली. टुण, टुण, टुण!

आणि टिपुडी? टिपुडी झोपली होती. दगडाखाली, ओल्या कोपऱ्यात. तिला कुणी उठवलंच नाही.

संध्याकाळी टिपुडीला जाग आली. तिनं हाक मारली, "डरांव!"

कुणी ओ दिली नाही.

परत म्हणाली, "डरांव?"

छे. कुणी नाही. गाव गप्प. टिपुडीला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की तिनं तोंडच मिटून घेतलं. त्या दिवसापासून ती डरांव म्हणालीच नाही. उत्तर येत नाही तर म्हणायचं कुणाला?

डबकं सुकायला लागलं. आज ताटाएवढं. उद्या वाटीएवढं. परवा नुसती ओल. टिपुडीची पाठ कोरडी पडली. पोट कोरडं पडलं. "आता मात्र काहीतरी केलंच पाहिजे," टिपुडी म्हणाली. स्वतःलाच म्हणाली. दुसरं होतं कोण?

टुपुक टुपुक. टिपुडी गेली हापशाकडं.

"हापसेदादा, हापसेदादा!
डबकं माझं सुकलं हो.
एकटी आले तुझ्या दारी,
घळाघळा पाणी देशील का?"

हापसा म्हणाला, "देईन गं, देईन! पण आत्ता नाही. माझा घसा बघ, नुसती खरखर. आधी कुणी तुंबाभर पाणी ओतावं, मग मी पाणी देईन."

तुंबाभर पाणी! ते कुणाकडं असणार? गावात एकच दार उघडं होतं. कुंबामावशीचं. कुंबामावशीचं बाळ होतं डेंबा. डेंबा नुकताच तापातून उठला होता. त्याला घेऊन उन्हातून लांब कसं जाणार? म्हणून मावशी मागं राहिली होती.

टुपुक टुपुक. टिपुडी गेली मावशीकडं.

"कुंबामावशी, कुंबामावशी!
डबकं माझं सुकलं हो.
हापसा पाणी देईना.
एकटी आले तुझ्या दारी,
तुंबाभर पाणी ओतशील का?"

मावशीच्या मांडीवर डेंबा रडत होता. उंऽऽ, उंऽऽ. मावशी म्हणाली, "ओतीन गं बाई, ओतीन! पण आत्ता नाही. घरात एवढाच एक तुंबा उरलाय. शेवटचा. तो माझ्या डेंबाचा. त्याला दूध मिळालं असतं, तर गोष्ट वेगळी. आधी शेळीनं दूध द्यावं, मग मी तुंबा ओतीन."

टुपुक टुपुक. टिपुडी गेली शेळीकडं. शेळी होती घरामागं, दाव्याला बांधलेली.

"शेळीताई, शेळीताई!
डबकं माझं सुकलं हो.
हापसा पाणी देईना.
मावशी तुंबा ओतेना.
एकटी आले तुझ्या दारी,
वाटीभर दूध देशील का?"

शेळी म्हणाली, "ब्यॅऽऽ! देईन गं, देईन! पण आत्ता नाही. पोटात काही नाही तर दूध येणार कुठून? ती बाभूळ बघ. शेंगा कशा लटकल्यात बघ. बघूनच माझं पोट भरायचं का? आधी बाभळीनं शेंगा टाकाव्यात, मग मी दूध देईन."

खरंच होतं तिचं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

टुपुक टुपुक. टिपुडी गेली बाभळीकडं. बाभूळ उंच उंच. टिपुडीनं मान वर केली, आणखी वर केली, आणि मागच्या मागं आपटली. धप्प! हसू नका रे. तिला लागलं.

"बाभूळबाई, बाभूळबाई!
डबकं माझं सुकलं हो.
हापसा पाणी देईना.
मावशी तुंबा ओतेना.
शेळी दूध देईना.
एकटी आले तुझ्या दारी,
मूठभर शेंगा टाकशील का?"

बाभूळ म्हणाली, "टाकीन गं, टाकीन! पण आत्ता नाही. माझी मी कशी हलू? मला हलवतो वारा. तो आला की मी सळसळ, सळसळ! पण हल्ली तो येतच नाही. टेकडीमागं जाऊन झोपलाय म्हणे. आधी वाऱ्यानं हलवावं, मग मी शेंगा टाकीन."

टुपुक टुपुक. टिपुडी निघाली टेकडीकडं.

वाटेत उखळ लागलं. मोठ्ठं लाकडी उखळ. रोज त्यात बाजरी कांडली जायची. धप्प धप्प, धप्प धप्प! बायका हसायच्या, मुलं पळायची, कोंबड्या दाणे टिपायच्या. आज मुसळ आडवं पडलं होतं. टिपुडी उखळाच्या काठावर चढली. आत डोकावली.

"कुणी आहे का?"

आत एक वाळकं पान होतं. बाकी काही नाही. टिपुडी थोडा वेळ तिथंच बसली. तिला आईची आठवण आली. मग उतरली आणि पुढं गेली. न जाऊन सांगते कुणाला!

टुपुक टुपुक. टुपुक टुपुक. आली टेकडी.

"टेकडीआजी, टेकडीआजी!
डबकं माझं सुकलं हो.
हापसा पाणी देईना.
मावशी तुंबा ओतेना.
शेळी दूध देईना.
बाभूळ शेंगा टाकेना.
एकटी आले तुझ्या दारी,
वाऱ्याला वाट देशील का?"

टेकडी म्हणाली, "देईन गं, देईन! पण आत्ता नाही. तो उठेल तेव्हा ना! लोळत पडलाय पलीकडच्या वाळूत. तीन दिवस झाले. आधी वाऱ्यानं उठावं, मग मी वाट देईन."

"मग त्याला उठव ना, आजी!"

"मी? माझ्या तोंडून आवाज निघायला शंभर वर्षं लागतात. तूच जा. चढ माझ्या अंगावरून."

टिपुडी चढायला लागली. टुपुक टुपुक. दगड तापलेले. टुपुक... टुपुक. पाय भाजले. टुपुक... ... टुपुक. पाठ इतकी कोरडी, इतकी कोरडी, की टिपुडीला वाटलं, आपण आता पापड होणार. एका दगडाच्या सावलीत ती थांबली. "कुणीतरी बरोबर असायला हवं होतं," ती म्हणाली. मग परत उठली. टुपुक.

टेकडीच्या पलीकडं वाळू होती. वाळूत वारा पडला होता. डोळे मिटून. अंगावर धूळ घेऊन.

"वारोबा, वारोबा!
डबकं माझं सुकलं हो.
हापसा पाणी देईना.
मावशी तुंबा ओतेना.
शेळी दूध देईना.
बाभूळ शेंगा टाकेना.
टेकडी वाट देईना.
एकटी आले तुझ्या दारी,
एकदा उठून येशील का?"

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "नाही," तो म्हणाला. "मी नाही येणार."

बाकी सगळे निदान "देईन गं, देईन" तरी म्हणाले होते. हा सरळ नाही म्हणाला! टिपुडीचे डोळे भरले. "का पण?"

वारा म्हणाला, "मी रोज यायचो गावात. मुलांचे केस विस्कटायचो. घरांच्या टोप्या उडवायचो. मुलं ओरडायची, 'वारा आला! वारा आला!' त्या दिवशी आलो, तर कुणी ओरडलंच नाही. दारं वाजवली. कुणी उघडलंच नाही. मी सगळ्या गावातून एकटाच फिरलो. मग म्हटलं, जायचंच कशाला? कुणी हाक मारली तर येईन. मोठ्यानं. अगदी पोटातून. नाही तर नाही."

तिला सगळं समजलं. तिचंही अस्संच झालं होतं.

हाक मारायची! टिपुडीला हाक येत होती एकच. डरांव. पण ती तर तिनं बंद करून टाकली होती. आणि समजा मारली, आणि याही वेळी उत्तर आलं नाही तर? परत तसंच वाईट वाटेल. तसंच, इथं, छातीत.

टिपुडीनं तोंड उघडलं. "ड..."

मिटलं. परत उघडलं. "डरां..."

वारा बघत होता. टिपुडीनं डोळे घट्ट मिटले. गाल फुगवले. पोट फुगवलं. चिंचोक्याएवढी होती, लिंबाएवढी झाली. आणि म्हणाली,

"डरांऽऽऽऽव!"

थोडा वेळ काही नाही. आणि मग...

"हूऽऽऽऽऽ!"

वाऱ्यानं ओ दिली! टिपुडीला ओ दिली! किती दिवसांनी कुणीतरी ओ दिली होती. टिपुडी इतकी खुश झाली, की तिथल्या तिथं तीन उड्या मारल्या.

वारा उठला. अंगावरची धूळ झटकली. म्हणाला, "बस माझ्या पाठीवर!" आणि निघाला की हो! सूंऽऽ सूंऽऽ!

वारा उठला, टेकडीनं वाट दिली. सूंऽऽ सूंऽऽ!

वारा आला, बाभळीनं शेंगा टाकल्या. सळसळ सळसळ, टप टप टप! शेंगा गडगडत गेल्या थेट शेळीच्या पुढ्यात.

शेळीनं शेंगा खाल्ल्या. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम! शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र!

डेंबा दूध प्यायला. घुटुक घुटुक, घुटुक घुटुक! रडणं थांबलं. ढेकर आला. ऊब्!

मावशीनं तुंबा उचलला. डेंबाला पाठीशी बांधलं. आली हापशापाशी. आणि थांबली.

का थांबली? अहो, तुंबाभरच पाणी होतं! शेवटचं. स्वच्छ. ते या हापशात ओतायचं? आणि ओतून खालचं पाणी आलंच नाही तर? डेंबाला परत तहान लागली तर? तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. विचारायचं कुणाला? सगळं गाव नदीवर.

दगडावर टिपुडी बसली होती. नुसती मावशीकडं बघत राहिली.

मावशी म्हणाली, "बाई गं, 'तो ओतेल, तो ओतेल' म्हणता म्हणता ही वेळ आली. आता मीच ओतते."

आणि ओतला! गडप गडप गडप. तुंबा रिकामा.

मावशीनं दांडा दाबला. खर्र खट्.

नाही.

खर्र खट्. खर्र खट्.

नाही.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. हापशात नाही आलं. तरी तिनं दांडा सोडला नाही. खर्र खट्. खर्र खट्. खर्र... घट्. घट् घट्. आणि मग...

घळाघळा! घळाघळा! घळाघळा!

पाणी आलं! पाणी आलं! स्वच्छ, गार, ओंजळीतल्या रेषा दिसणारं. मावशी हसली. मावशी रडली. दोन्ही एकदम. डेंबानं पाठीवरून हात काढला आणि पाण्यात आपटला. थप्प!

मावशीनं सगळ्यात आधी काय केलं? स्वतः प्यायली? नाही. मडकं भरलं? नाही. आधी तुंबा भरला. काठोकाठ. हापशाला टांगला. मग सगळं दुसरं.

आणि हापशाच्या पायाशी पाणी सांडलं. आधी नुसती ओल. मग वाटीएवढं. मग ताटाएवढं. झालं की टिपुडीचं डबकं! डुबुक्! टिपुडी आत. पाठ ओली, पोट ओलं, पाय ओले. आहाहा!

संध्याकाळ झाली. डबकं भरलेलं. पण डबक्यात टिपुडी एकटीच. इकडं पोहली, तिकडं पोहली. पोहून पोहून किती पोहणार? मावशी दारात बसली होती. तीही एकटीच. डेंबा झोपला होता.

टिपुडी म्हणाली, "डरांऽऽव!" आता ती भीत नव्हती.

वाऱ्यानं ती हाक उचलली. मावशीनं पाणी भरताना झालेलं खर्र खट् खर्र खट् पण उचललं. दोन्ही घेऊन तो निघाला नदीकडं. सूंऽऽ सूंऽऽ!

त्या संध्याकाळी उत्तर आलं नाही. टिपुडीनं तोंड मिटलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाली, "डरांऽऽव!" उत्तर आलं नाही. तरी तोंड मिटलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लांबवर धूळ उडाली. गाढवं दिसली. कुत्री भुंकली. मुलं ओरडली, "वारा आला! वारा आला!" बायका आल्या ओळीनं, डोक्यावर मडकी घेऊन. हापशापाशी थांबल्या. भरलेला तुंबा पाहिला. सगळ्यांच्या माना खाली.

टिपुडी डबक्याच्या काठावर आली. पोट फुगवलं. म्हणाली,

"डरांऽऽव!"

आणि एका मडक्याच्या आतून आवाज आला,

"डरांव?"

दुसऱ्या मडक्यातून, "डरांव!" तिसऱ्यातून, "डरांव! डरांव!" टुण, टुण, टुण! डुबुक्, डुबुक्, डुबुक्! डबकं कसं भरून गेलं! एक मोठी बेडकी पोहत पोहत टिपुडीजवळ आली. आई होती ती. टिपुडी तिला चिकटली, ती चिकटलीच. मग रात्रभर कुणी कुणाला झोपू दिलं नाही.

तेव्हापासून कधी कुणी तुंबा भरायला विसरलं ना, की टिपुडी हापशाखालून ओरडते, "डरांव!" मग जो शेवटी असेल तो मागं फिरतो. "तो भरेल" नाही. "ती भरेल" नाही. मुकाट्यानं म्हणतो, "मी भरतो."

तुंबा भरला, हापशाला टांगला, टिपुडीला मिळाली तिची आई, आणि गोष्ट आमची ओली होऊन जाई.